३८ हजार मैल, एकच मालक, १९६९ची पॉन्टियॅक जीटीओ: कशी पारखावी?

मिशिगनकर

नमस्कार मंडळी. सल्ला हवा आहे, आणि जरा लवकर हवा आहे.

आमच्या घरापासून दोन दारं सोडून एक आजोबा राहायचे. सगळी नोकरी इथल्या गाड्यांच्या कारखान्यात, निवृत्तीही तिथूनच. मागच्या हिवाळ्यात ते गेले. त्यांच्या गॅरेजमध्ये १९६९ची पॉन्टियॅक जीटीओ आहे. हिरवी, काळं व्हिनाइलचं छत, ४०० घनइंचाचं इंजिन, ऑटोमॅटिक. त्यांनी ती नवी कोरी घेतली, दुसऱ्या कुणाच्या नावावर ती कधीच नव्हती. मीटरवर ३८,२१४ मैल. आम्ही इथे राहायला येऊन चौदा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी ती गाडी फक्त ऑगस्टमध्ये बाहेर निघालेली पाहिली आहे.

आजींना आता ती विकायची आहे. पुतण्याने इंटरनेटवर बघून ३६ हजार डॉलर किंमत सांगितली. एक व्यापारी रोज फोन करतोय, पण आजी म्हणाल्या, "आधी तुला विचारते, महिनाअखेरपर्यंत सांग." आजोबा माझ्या मुलाला मांडीवर बसवून त्या गाडीचं स्टिअरिंग धरू द्यायचे, त्यामुळे माझा जीव गुंतला आहे हे उघड सांगतो. म्हणूनच स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा नाही.

अशी गाडी तपासताना काय बघावं? आणि कमी मैल, एकच मालक या दोन गोष्टींना किती किंमत द्यावी?

रानमेवा

वाचतेय. गाड्यांमधलं काही कळत नाही, पण मांडीवर बसवून स्टिअरिंग धरू देणारे आजोबा कळले. फोटो टाका ना.

नटबोल्ट

मिशिगनकर, मी ओहायोत असतो. जुन्या गाड्या उघडणं-जोडणं हा माझा वीस वर्षांचा शनिवार-रविवार आहे. घाई असली तरी एवढं कराच.

पहिलं म्हणजे डॅशबोर्डवर, काचेतून दिसणारा गाडीचा क्रमांक वाचा. १९६९च्या खऱ्या जीटीओचा क्रमांक २४२ने सुरू होतो. २ म्हणजे पॉन्टियॅक, ४२ म्हणजे जीटीओ. पुढचे ३७ म्हणजे दोन दारांची हार्डटॉप, ९ म्हणजे १९६९, आणि त्यानंतर कारखान्याचं अक्षर. पॉन्टियॅक शहरातला असेल तर पी. क्रमांक २३७ने सुरू झाला तर ती लमान्स (पॉन्टियॅकचीच साधी गाडी) आहे, वर जीटीओचे बिल्ले लावलेले. अशा गाड्या बाजारात भरपूर फिरतात. क्रमांकाची पट्टी ज्या रिव्हेटांनी बसवलेली असते त्यांना फुलासारख्या सहा पाकळ्या असतात. साधे गोल रिव्हेट दिसले तर तिथेच थांबा.

दुसरं, इंजिन. १९६८पासून जीएमने (जनरल मोटर्सने, म्हणजे पॉन्टियॅकच्या मालक कंपनीने) गाडीच्या क्रमांकाचा शेवटचा भाग इंजिनावरही ठोकायला सुरुवात केली. पॉन्टियॅकच्या इंजिनावर तो पुढे, पॅसेंजरच्या बाजूला, टायमिंग कव्हरजवळ सापडतो. तेलकट काजळी पुसून, टॉर्च तिरका धरून बघा. २९पी आणि पुढे तुमच्या गाडीचा अनुक्रमांक दिसला पाहिजे. जवळच दोन अक्षरी कोड असतो. ३५० अश्वशक्तीचं ऑटोमॅटिक असेल तर वायएस. तेच मॅन्युअल असतं तर डब्ल्यूटी.

तिसरं, पॉन्टियॅक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडून त्या क्रमांकाचे कागद मागवा. पॉन्टियॅकच्या मूळ बिलांच्या नोंदी त्यांच्याकडे आहेत. गाडी कारखान्यातून काय काय लावून निघाली ते पांढऱ्यावर काळं कळतं. बाकी बऱ्याच अमेरिकन गाडीवाल्यांना हे सुख इतक्या सहज मिळत नाही.

शेवटचा_गिअर

नटबोल्टना अनुमोदन, पण ते मैलांबद्दल काही बोलले नाहीत, म्हणून लिहितो.

त्या काळातल्या मीटरला पाचच आकडे. ९९,९९९ नंतर पुन्हा शून्य. म्हणजे ३८,२१४ हे १,३८,२१४ सुद्धा असू शकतं. मीटर मागे फिरवणं अमेरिकेत १९७२च्या कायद्याने देशभर बेकायदा ठरलं, तुमची गाडी त्याच्याही आधीची. आणि इतक्या जुन्या गाडीला विक्रीच्या वेळी मैल जाहीर करण्यातून सूट आहे, कागदावर फक्त 'सूट' असा शिक्का येतो. मिशिगनमध्ये गाड्यांची वार्षिक तपासणी होत नाही. पेन्सिल्व्हेनियासारखं राज्य असतं तर दर वर्षीच्या तपासणीच्या पावतीवर मैल सापडले असते.

थोडक्यात, मीटरवरचा आकडा हा एकट्या साक्षीदाराचा जबाब आहे. दुसरे साक्षीदार शोधा.

कुर्ल्याचा_डबा

कमी चाललेली, एकाच घरातली, हिरव्या रंगाची. स्थळाची जाहिरात वाचतोय असं वाटलं!

अवांतर: माझे वडील कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये होते. तिथे फियाटच्या आधीपासून डॉज, प्लिमथ जोडल्या जायच्या. त्याच्याही आधी शिवडीला जनरल मोटर्सचा कारखाना होता, १९२८पासून. म्हणजे मुंबईच्या हातांना अमेरिकन गाड्या नव्या नाहीत. वडील गाडीचं दार उघडून सोडून द्यायचे आणि कान देऊन ऐकायचे. म्हणायचे, दार खोटं बोलत नाही. जास्त चाललेल्या गाडीचं दार बिजागरीत लोंबतं, बंद करताना किंचित वर उचलावं लागतं. या दोन दारांच्या गाड्यांची दारं तर लांबलचक आणि जड, त्यांना हे जास्तच लागू.

नटबोल्ट

कुर्ल्याचा_डबा, तुमच्या वडिलांना नमस्कार. दाराची गोष्ट शंभर टक्के खरी. ड्रायव्हरचं दार आणि पॅसेंजरचं दार, दोन्ही उघडून तुलना करा. एकटा माणूस चालवत होता तर झीज डाव्या दाराला असणार.

बाकीचे साक्षीदार: ब्रेकच्या पॅडलचं रबर (३८ हजार मैलांना कडा थोड्या झिजतात, मधल्या रेघा गुळगुळीत होत नाहीत), ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड, टाचेखालचा गालिचा, किल्लीचे दात. पुढची काच मूळची असेल तर संध्याकाळच्या तिरप्या उन्हात बाहेरून बघा. लाखभर मैल चाललेल्या काचेवर वाळूचे बारीक टोचे चमकतात. डिकीतलं जादा चाक बघायला विसरू नका.

ताम्हिणी

जीटीओसारख्या गाडीला मसल कार मसल कार म्हणतात, ती नेमकी कुठली? माझा नवरा म्हणतो मोठ्या इंजिनाची कुठलीही. कुणी समजावून सांगेल का?

शेवटचा_गिअर

ताम्हिणी, मोठ्या गाडीत मोठं इंजिन आधीही होतंच. मसल कार म्हणजे मध्यम आकाराच्या, परवडणाऱ्या, दोन दारांच्या गाडीत मोठ्या गाडीचं इंजिन. आणि बहुतेकांच्या मते त्याची सुरुवात जीटीओपासूनच होते. जीएमचा नियम होता की मध्यम गाडीत ३३० घनइंचांपेक्षा मोठं इंजिन बसवायचं नाही. पॉन्टियॅकमध्ये तेव्हा जॉन डिलोरियन मुख्य अभियंता होते. त्यांच्या चमूने १९६४च्या टेम्पेस्ट या मध्यम गाडीत ३८९ घनइंचाचं, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचं इंजिन बसवलं. वेगळं मॉडेल म्हटलं असतं तर नियम आडवा आला असता, म्हणून ते जीटीओ नावाचं, जादा पैसे देऊन घ्यायचं पॅकेज केलं. पहिल्याच वर्षी ३२,४५० गाड्या खपल्या. १९६६मध्ये ते वेगळं मॉडेल झालं, म्हणूनच नटबोल्ट म्हणतात तो २४२ आकडा कामाला येतो. १९६४-६५च्या गाडीत नुसत्या क्रमांकावरून काही कळत नाही.

ताम्हिणी

धन्यवाद! नवऱ्याला वाचून दाखवलं. आता तो हे आपल्याला आधीपासून माहीत होतं म्हणतोय.

जुनंतेसोनं

मी पुण्यात असतो, माझ्याकडे तीन जुन्या गाड्या आहेत, अमेरिकन एकही नाही. तरी बोलतो, कारण 'एकच मालक' या शब्दांना मी एकदा भुललो आहे.

काही वर्षांपूर्वी एका व्यापाऱ्याकडून एकहाती म्हणून गाडी घेतली. मीटरवर ३१ हजार किलोमीटर, सीट कव्हरं नवी, आत अत्तराचा वास. घरी आणल्यावर सीट कव्हर काढलं तर खाली फोम भाकरीसारखा चपटा झालेला. मग जुन्या सर्व्हिसिंगच्या नोंदी शोधून काढल्या तर तीन वर्षांपूर्वीच ९६ हजार. मालक मात्र खरोखर एकच होता! त्या एकाच माणसाने गाडीचं कंबरडं मोडलं होतं.

मालक एक असला म्हणजे गाडी जपलेली असते असं नाही. एक मालक असण्याचा खरा फायदा म्हणजे गाडीची सगळी गोष्ट एकाच घरात असते. ती गोष्ट मिळते का बघा. पावत्या, वॉरंटीची पुस्तिका, फोटो, काय ठेवलं असेल ते. गोष्ट मिळाली नाही तर त्या दोन शब्दांचे वेगळे पैसे देऊ नका.

वऱ्हाडी_ठेचा

भाऊ, एवढा काथ्याकूट कायले करून राह्यले? आजींनी ३६ म्हटलं, तुम्ही २५ म्हणा, तीसवर सौदा पक्का. तुम्हाले जे सापडन ते आपल्यापाशीच ठेवा. गाडी भारी निघाली तर तुमचं नशीब.

रानमेवा

वऱ्हाडी_ठेचा, असं नका हो सांगू. व्यापारी रोज फोन करत असतानाही त्या बाईने आधी शेजाऱ्याला विचारलं आहे.

ओहायोची_चिमणी

रानमेवाशी सहमत. मिशिगनकर, जे सापडेल ते आजींसमोर ठेवा, चांगलं आणि वाईट दोन्ही. कागदात ती साधी जीटीओ न निघता 'जज' (जीटीओची खास आवृत्ती) निघाली, तर तिची किंमत कुठल्या कुठे जाईल. १९६९मध्ये ७२,२८७ जीटीओ बनल्या, त्यात जज फक्त ६,८३३. आणि जज हे पॅकेज असल्याने गाडीच्या क्रमांकात ते दिसत नाही, कागदातच दिसतं. हे माहीत असून गप्प राहून गाडी घेतली तर ती तुम्हाला शेजारच्या अंगणासमोरून रोज चालवता येईल का?

वऱ्हाडी_ठेचा

पटलं ताई. शब्द मागे घेतो.

मिशिगनकर

सगळ्यांचे आभार. काल संध्याकाळी आजींकडे जाऊन दोन तास बसलो.

क्रमांक २४२३७९पी, रिव्हेट पाकळ्यांचे. इंजिनावर वायएस आणि २९पीच्या पुढे गाडीचाच अनुक्रमांक, टॉर्च तिरका धरल्यावर स्पष्ट दिसला. बॉनेट उघडल्यावर मागच्या पत्र्यावर जी बॉडीची पट्टी असते तिच्यावर रंगाचा कोड ७३, म्हणजे व्हर्डोरो ग्रीन, गाडी तशीच आहे. हिस्टॉरिक सर्व्हिसेसचे कागद मागवले आहेत.

आणि आता खरी बातमी. आजींनी स्वयंपाकघरातल्या खणातून एक छोटी वही काढली. आजोबा प्रत्येक वेळी पेट्रोल भरलं की तारीख, मैल आणि गॅलन पेन्सिलीने लिहायचे. पहिली नोंद एप्रिल १९६९ची, मैल ११२. शेवटची २०१९ची. अक्षर शेवटी शेवटी थरथरतं, पण एकही पान कोरं नाही. ऑक्टोबर १९७३मध्ये आकडा २९,३४० आहे. त्यानंतर वर्षाला चार-पाचच नोंदी. मी विचारलं, तेव्हा काय झालं? आजी म्हणाल्या, अरबांनी तेल बंद केलं, पंपावर रांगा लागल्या. ही गाडी गॅलनला बारा मैलसुद्धा देत नव्हती. त्यांनी एक छोटी गाडी घेतली आणि हिला ताडपत्री घातली.

म्हणजे ३८,२१४ हे खरंच ३८,२१४ आहेत. वाचताना अंगावर काटा आला.

शेवटचा_गिअर

वा! याहून चांगला साक्षीदार मिळणार नाही. ती वही गाडीसोबत मागून घ्या, नाहीतर निदान प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा.

कुर्ल्याचा_डबा

पेट्रोल भरल्यावर वहीत लिहिणारा माणूस. आमच्या घरातलाच वाटला.

नटबोल्ट

वही छानच. पण मिशिगनकर, ती पुन्हा एकदा वाचा. त्यात एक वाईट बातमीही आहे.

पहिल्या साडेचार वर्षांत २९ हजार मैल. म्हणजे ही गाडी तेव्हा रोजची होती. १९६९ ते १९७३, मिशिगनचे चार पूर्ण हिवाळे. रस्त्यावर मीठ, चिखल, बर्फाचं पाणी. त्यानंतर ती धुऊन कोरडी केली का, की मिठासकट ताडपत्री घातली? गंजाला मैल कळत नाहीत. एकदा पत्र्याच्या सांध्यात मीठ बसलं की गॅरेजमधला दमटपणा त्याला पन्नास वर्षं पुरतो.

तेव्हा वरचा रंग बघून खूश होऊ नका. लिफ्टवर चढवा. मागच्या चाकांच्या मागचा खालचा पत्रा, डिकीची जमीन, मागच्या ॲक्सलच्या वरची चौकट, बॉडी आणि चौकट यांच्यामधल्या रबरांच्या जागा, पुढच्या फेंडरची खालची टोकं. आणि तुमच्या गाडीला व्हिनाइलचं छत आहे! मागच्या काचेचे खालचे दोन्ही कोपरे बोटाने दाबून बघा. व्हिनाइलखाली पाणी साठतं आणि तिथूनच पत्रा खातं. व्हिनाइल फुगलेलं किंवा खाली कुरकुरीत लागलं तर काच काढून काम करावं लागणार, ते स्वस्त नाही.

कुंभाराकडे माठ वाजवून घेतो तसा खालचा पत्रा वाजवत जा. पत्रा टणटणीत वाजतो, आत पुट्टी भरलेली असेल तर बद्द आवाज येतो. रंगाची जाडी मोजायचं यंत्र मिळालं तर उत्तम. कारखान्याचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो. एकाच ठिकाणी ३००-४०० आला तर तिथे नंतर काम झालं आहे. जीएम तेव्हा अ‍ॅक्रिलिक लॅकर मारायची, तो थर पातळ असतो, पॉलिश करून करून कडांवर खालचा प्रायमर दिसायला लागतो. तसा दिसला तर घाबरू नका, ती मूळ रंगाची खूण आहे.

जुनंतेसोनं

नटबोल्ट, हा प्रतिसाद वेगळा जपून ठेवण्यासारखा आहे. आमच्याकडे कोकणातल्या गाड्यांचं हेच दुखणं, फक्त मीठ रस्त्याऐवजी हवेतून येतं.

एका मुद्द्यावर मात्र मतभेद नोंदवतो. मूळ रंग पातळ झाला म्हणून कुणी पूर्ण रंगवा म्हणेल. रंगवू नका. बाजारात चकचकीत रंगवलेल्या जीटीओ हव्या तितक्या मिळतील. १९६९ला कारखान्यात ज्या हातांनी फवारला तो रंग अंगावर असलेली गाडी दुर्मिळ.

ओहायोची_चिमणी

मला नाही पटत. गाडी चालवायची वस्तू आहे. रंग उडेल म्हणून पावसाला भ्यायचं, मैल वाढतील म्हणून घरात ठेवायची, मग घ्यायची कशाला? तो ३८ हजारांचा आकडा जपण्यात पुढचा मालक गाडीचा पहारेकरी होतो.

जुनंतेसोनं

चालवू नका असं मी कुठे म्हटलं? चालवा की. रंगवू नका एवढंच म्हटलं.

ओहायोची_चिमणी

मग आपलं जमलं.

नटबोल्ट

न चालवण्याचं नुकसान मात्र खरं आहे. रबर, तेल आणि प्लॅस्टिक मैलांवर म्हातारं होत नाही, वर्षांवर होतं. ब्रेकचे होज, पेट्रोलचे रबरी पाइप (आजच्या पेट्रोलमधलं इथेनॉल जुन्या रबराला मऊ करतं), टायर, सगळं बदलायचं धरूनच किंमत ठरवा. पॉन्टियॅकच्या इंजिनाला क्रँकच्या मागे दोरीचं सील असतं, उभ्या गाडीत ते वाळतं, तेल गळतं. त्याला फार भिऊ नका.

भिण्यासारखी गोष्ट दुसरी आहे. या इंजिनाच्या टायमिंग चेनचं वरचं चाक ॲल्युमिनियमचं, आणि त्याच्या दातांवर नायलॉन ओतलेलं. आवाज कमी व्हावा म्हणून. पन्नास वर्षांनी ते नायलॉन ठिसूळ होऊन तुकड्या-तुकड्यांनी पडतं. तुकडे तेलाच्या तळात जातात आणि तेलाच्या पंपाच्या जाळीत अडकतात. एक दिवस तेलाचा दाब कमी होतो आणि इंजिन संपतं. कमी मैलांच्या गाडीत हा धोका जास्तच, कारण ज्या गाड्या खूप चालल्या त्यांचं ते चाक कधीच बदललं गेलं. वहीत दुरुस्तीची नोंद आहे का बघा. नसेल तर गाडी घेतल्यावर आधी हे काम, मगच लांबची सफर.

रानमेवा

बापरे. एवढ्या मोठ्या इंजिनात नायलॉनचे दात?

नटबोल्ट

हो. तेव्हा बऱ्याच अमेरिकन कंपन्या हेच करायच्या. गाडी पन्नास वर्षं टिकेल असा विचार करून कुणी ती बनवली नव्हती.

वऱ्हाडी_ठेचा

भाऊ, ही गाडी उद्या नागपूरले आणता येईन का? भारतात पन्नास वर्षांवरच्या गाडीले वेगळी नंबरप्लेट भेटते म्हणे.

जुनंतेसोनं

भेटते. २०२१च्या नियमानुसार पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपातली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, क्रमांकात व्हीए अक्षरं येतात, नोंदणी शुल्क २० हजार रुपये, मुदत दहा वर्षं. पण रोजच्या वापराला ती चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढंच. मिशिगनकरांनी ती आहे तिथेच ठेवावी. तिला जाणणारे हात आणि सुटे भाग सगळे तिथे आहेत.

मिशिगनकर

पाच दिवसांनी लिहितोय, माफ करा. सगळं सविस्तर सांगतो.

कागद आले. साधी जीटीओ, जज नाही. ४०० घनइंच, टर्बो हायड्रामॅटिक (ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), पुढे डिस्क ब्रेक, पॉवर स्टिअरिंग, काळं छत, व्हर्डोरो ग्रीन. जे कागदात आहे ते सगळं गाडीत आहे.

लिफ्टवर चढवली. नटबोल्ट, तुम्ही लिहिलं तसंच निघालं. चौकट ठीक, वरवरचा गंज. पण मागच्या दोन बॉडी रबरांच्या जागा खाल्लेल्या, डिकीची जमीन उजव्या कोपऱ्यात पातळ, आणि मागच्या काचेच्या डाव्या कोपऱ्यात व्हिनाइलखाली बोट टेकवलं तर भाजलेल्या पापडासारखा आवाज. जादा चाक मात्र मूळचंच, लाल रेघेचं, टायरवर साच्याचे रबरी केससुद्धा शाबूत. ते चाक कधी रस्त्याला लागलंच नाही.

रंगाचं यंत्र फिरवलं. सगळीकडे ११० ते १४०, आणि डाव्या पुढच्या फेंडरवर एकदम ३८०. माझं तोंड उतरलं. आजी शेजारी उभ्या होत्या, त्यांनी आकडा बघितला आणि हसल्या. म्हणाल्या, "ते मी केलंय. १९७१. गॅरेजच्या खांबाला लावली. ते आठवडाभर माझ्याशी बोलले नव्हते." मग घरात जाऊन वही आणली. मे १९७१च्या पानावर पेट्रोलच्या आकड्यांच्या मध्ये एक ओळ आहे: फेंडर, ८५ डॉलर. खाली काही नाही.

मी आजींसमोर सगळं मांडलं. गंज, छत, काचेचं काम, नायलॉनची गोष्टसुद्धा. दुरुस्तीचा अंदाज लिहून दिला. हेही सांगितलं की व्यापाऱ्याला हे दिसलं नाही तर तो कदाचित ३६ देईल. त्यांनी पुतण्याला फोन केला, स्वयंपाकघरात बराच वेळ बोलल्या, आणि परत येऊन ३१,५०० म्हणाल्या. मी हो म्हटलं. वही त्या देणार आहेत, पण मे १९७१चं पान त्यांना स्वतःकडे ठेवायचं आहे. मी म्हटलं, अवश्य ठेवा, मी फोटो काढून घेतो.

ओहायोची_चिमणी

डोळे भरून आले. अभिनंदन!

रानमेवा

आठवडाभर अबोला! आणि ८५ डॉलर लिहून ठेवले. अभिनंदन मिशिगनकर, आणि आजींना आमचा नमस्कार सांगा.

शेवटचा_गिअर

अभिनंदन. त्या फेंडरमुळे माझा विश्वास उलट वाढला. सगळीकडे एकसारखा नवा रंग असता तर शंका आली असती.

वऱ्हाडी_ठेचा

भारी काम केलं भाऊ. ३६ भेटन हे आजीले सांगून मग सौदा केला. सलाम.

कुर्ल्याचा_डबा

दारांचं काय झालं ते सांगितलं नाहीत.

मिशिगनकर

अरे हो, राहिलंच! ड्रायव्हरचं दार किंचित लोंबतं, शेवटी अर्धा बोटभर उचलावं लागतं. पॅसेंजरचं दार बोटाने ढकललं तरी टक्क करून बसतं.

कुर्ल्याचा_डबा

बाबांना सांगतो. ते आज ८८ वर्षांचे आहेत, ऐकून खूश होतील.

नटबोल्ट

मनापासून अभिनंदन. आता ऐका, चालवत घरी नेऊ नका, दोन दारांचं अंतर असलं तरी ढकलत न्या. टायमिंग कव्हर आणि तेलाचा तळ उघडल्याशिवाय इंजिन सुरू करायचं नाही. जोडून झाल्यावर डिस्ट्रिब्युटर काढून ड्रिलने तेलाचा पंप फिरवा, या इंजिनात पंप तिथूनच फिरतो. दाब आलेला दिसला की मग किल्ली. तेल जस्त जास्त असलेलं घ्या, जुन्या कॅमला ते लागतं. आणि पेट्रोल ९३ ऑक्टेनचंच, दाबाचं गुणोत्तर १०.७५ आहे. हात हवे असतील तर पुढच्या शनिवारी मी येतो, टोलेडोहून तासाभराचा रस्ता आहे.

मिशिगनकर

नटबोल्ट आले होते. शनिवारी सकाळी आठला, स्वतःची हत्यारं आणि बायकोने दिलेल्या पुरणपोळ्या घेऊन. आजीही खुर्ची टाकून बसल्या होत्या.

टायमिंग कव्हर काढलं. चाकावरचे नऊ दात उडालेले, तीन हाताने हलत होते. तळ उतरवला तर पंपाच्या जाळीवर नायलॉनचे पिवळट तुकडे, वाटाणाडाळीसारखे. अर्धी जाळी बुजलेली. नटबोल्टनी ते बोटाने गोळा केले आणि न बोलता माझ्या तळहातावर ठेवले. ते तुकडे मी लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ठेवले आहेत.

नवं लोखंडी चाक आणि चेन बसली. काचेचं काम दोन आठवड्यांनी आहे. ऑगस्टचा तिसरा शनिवार, वुडवर्ड ॲव्हेन्यूवरची ड्रीम क्रूझ (जुन्या गाड्यांची मिरवणूक), तोपर्यंत होईल असं वाटतंय. आजींना पॅसेंजरच्या सीटवर बसायचं आहे. मुलगा मागे बसणार, आता तो मांडीवर मावत नाही.

एक प्रश्न अजून आहे: रॉचेस्टर क्वाड्राजेट कार्ब्युरेटर उघडून साफ केलेलं कुणी इथे आहे का? इंजिन थंड असताना चोक अर्धवटच बंद होतोय.

नटबोल्ट

मी आहे. थर्मोस्टॅटिक कॉइलला जोडणारी काडी बघा, वाकलेली असेल. फोटो काढून पाठवा.